वरचं पाणी

ही गोष्ट घडली तेव्हा वेळूपेठेच्या वेशीवरचा वड कमरेएवढा होता. आज त्याच्या पारंब्यांनीही जमिनीत बुंधे धरलेत, त्यावरून काळाचा काय तो अंदाज करा.

त्या काळी वेळूपेठेत दर मंगळवारी बाजार भरायचा. दहा-दहा कोसांवरून माणसं यायची, बैल यायचे, धूळ यायची आणि सगळ्यांना तहान लागायची. म्हणून पेठेत प्रत्येक ओट्यावर एक रांजण निम्मा पुरलेला असायचा. त्याला झाकण नसायचं. येणाऱ्याने यावं, आपला तांब्या मनगटापर्यंत बुडवावा, प्यावं आणि चालू लागावं. पेठकरांना या गोष्टीचा भारी तोरा. दुसऱ्या गावात सोयरिकीला गेले तरी सांगायचे, "आमच्या पेठेत पाण्याला झाकण नसतं."

आता खरं सांगायचं, तर झाकण नव्हतं पण पायरी होती. केरसुण्या विकणारे, टोपल्या विणणारे, पालं ठोकून राहणारे लोक बाजाराला आले की त्यांनी ओट्यावर चढायचं नाही. खालच्या पायरीशी उभं राहून ओंजळ करायची आणि घरातल्या कोणीतरी भरल्या घागरीतून वरून धार सोडायची. त्याला म्हणायचे 'वरचं पाणी'. हा शब्द पेठेत शिवीसारखा वापरत. दोन भाऊ भांडले तर एक दुसऱ्याला म्हणायचा, "दारात उभा करून वरचं पाणी पाजीन तुला." एवढं झालं की पुढे दोन पिढ्या बोलणं बंद.

त्याच पेठेत संतू तांबट राहायचा आणि त्याची बायको गजरा. गजरेला तीन लेकरं झाली आणि तिन्ही गेली. तिन्ही उन्हाळ्यातच गेली, ढाळ-वांती होऊन, दोन दोन दिवसांत. चौथी मुलगी झाली तेव्हा गजरेनं तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, टाकलेलं पोर म्हणून शेजारणीनं ते उचलून परत आणलं आणि नाव ठेवलं चिंधी. चिंधी कोण नेणार? यमसुद्धा नाक मुरडून पुढे जाईल, एवढीच त्यामागची आशा.

चिंधीला पाचवं वर्ष लागलं आणि त्या चैत्रात पेठेत पुन्हा आजार आला. लोकांनी मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडला, दारांना लिंबाचे डहाळे बांधले. तरी रोज कुठल्या तरी आळीतून रडणं ऐकू यायचं. गजरा चिंधीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहायची. तिला जेवण जात नव्हतं.

मंगळवारी येसू आली. येसू केरसुण्या विकायची आणि बारा वर्षं गजरेच्या ओट्याच्या खालच्या पायरीशी उभी राहून पाणी प्यायची. तिच्यामागे तिची चार लेकरं, काटक आणि धुळीनं माखलेली. गजरा घागर घेऊन उठली, धार सोडू लागली आणि तिचा हात मध्येच थांबला.

"येसू, तुला चार लेकरं झाली नं?"

"व्हय माय, चारच."

"चारी हायेत. एक बी गेलं न्हाई. कोणत्या देवाला बोललीस तू?"

येसू हसली. "आमाला कुठला देव, माय? पालावर ऱ्हातो आमी. तुमी खाता तेच खातो, तुमी पिता तेच पितो."

"पाणी कसं पिता?"

"तुमीच लावलेली सवय. पालावर बी मडक्यात कुनी हात घालत न्हाई. म्हातारी बसती मडक्यापाशी, करवंटीनं वरून वाढती. लेकरं वंजळ करत्यात. हात घातला की फटका."

येसू पाणी पिऊन निघून गेली. गजरा मात्र दिवसभर रांजणाकडे बघत बसली. त्या दिवशी तिला जे दिसलं ते रोजच तिथे होतं, पण डोळ्यांनी कधी घेतलं नव्हतं. शेण काढून आलेला हात रांजणात गेला. आजाऱ्याचं अंथरूण धुऊन आलेला हात गेला. बैलाच्या जखमेला हळद लावलेला हात गेला. मग चिंधी धावत आली, टाचा उंचावून तिनं आपला छोटा तांब्या बुडवला आणि गटागटा प्यायली. पाणी नितळ होतं, तळ दिसत होता. गजरेनं तिच्या हातातून तांब्या काढून घेतला.

ती संतूपाशी गेली आणि म्हणाली, "एक ओगराळं करून द्या. पितळेचं, हातभर दांड्याचं."

"ताक वाढायला एवढा दांडा कशाला?"

"पाणी द्यायला. आजपासून आपल्या रांजणात कोणाचा हात जायचा न्हाई. सगळ्यांना मी वरून घालणार."

संतूनं हातोडी खाली ठेवली. "सगळ्यांना? आबाजी महाजनाला बी? अगं, पेठ वाळीत टाकंल. हितं ऱ्हायचं हाय आपल्याला."

"मला चिंधी ऱ्हायला पायजे," गजरा म्हणाली.

संतूनं हातोडी पुन्हा उचलली. त्यानं पत्रा तापवला, ठोकून वाटी घडवली, दांडा जडवला आणि दांड्याचं टोक वळवून आकडा केला. ते ओगराळं घडत होतं तेव्हा हातोडीचा टणत्कार येत नव्हता, धार पडल्यासारखा आवाज येत होता, असं म्हणतात.

गजरेनं रांजण राखेनं घासला, नवं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून भरलं, वर लाकडी झाकण घातलं आणि ओगराळं खुंटीला टांगलं. पहिला आला तो नेमका आबाजी महाजन, पेठेतला सर्वांत वडीलधारा माणूस. त्यानं सवयीनं झाकण उचलायला हात घातला.

"आबा, ओंजळ करा," गजरा म्हणाली. "वरून घालते."

आबाजीनं तिच्याकडे बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो नुसता मागे वळला आणि ओटा उतरला. दुपारपर्यंत बातमी पेठभर झाली: संतू तांबटाच्या बायकोनं महाजनाला वरचं पाणी दाखवलं. त्या दिवसापासून संतूकडे कोणी भांडं दुरुस्तीला आणेना, विहिरीवर गजरेशी कोणी बोलेना. रांजण सकाळी भरलेला संध्याकाळीही भरलेलाच. पाणी प्यायला येत होती ती फक्त येसू, आणि तिला गजरेनं पायरीवरून वर बोलावून ओट्यावर, सावलीत, त्याच ओगराळ्यानं पाणी घातलं. मग तर विचारूच नका.

चिंधी ठणठणीत होती. पण पोर ते पोर. एका दुपारी खेळता खेळता लांब गेली, तहान लागली आणि कुणाच्या तरी रांजणात हात घालून प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे खोल गेले आणि आवाज बसला. शेजारणी बाहेरूनच म्हणाल्या, "बघ, देवाला तुझं चाळं आवडलं न्हाई." गजरेनं दार लोटलं. तिनं पाणी उकळून निववलं, त्यात गुळाचा खडा आणि मिठाची कणी टाकली आणि ओगराळं चिंधीच्या ओठांशी धरलं. एक घोट दिला, पोरीनं ओकून टाकला. पुन्हा एक घोट दिला. तीन दिवस आणि तीन रात्री तिनं तो दांडा हातातून सोडला नाही. त्या तीन दिवसांत ओगराळं एकदाच भरलं होतं आणि ते रितंच झालं नाही, असं म्हणतात. तिचा उजवा हात तेव्हापासून डाव्यापेक्षा वीतभर लांब झाला, असंही म्हणतात. चौथ्या दिवशी चिंधीनं डोळे उघडले आणि भाकरी मागितली.

तो दिवस मंगळवारचा, आणि त्याच दिवशी आबाजी महाजनाचा नातू त्याच आजारानं अंथरुणाला खिळला.

दुपारच्या उन्हात आबाजी आला. गजरेच्या ओट्यावर येसू पाणी पीत होती. पेठेतली माणसं आपापल्या दारात उभी राहून बघत होती. आबाजी ओट्यावर चढला नाही. येसू बारा वर्षं जिथे उभी राहिली त्या खालच्या पायरीशी तो थांबला, येसूचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबला, मग कमरेत वाकला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"वरून दे, माय," तो म्हणाला. "आणि माझ्या नातवाकडं चल."

गजरेला त्याला दोन शब्द सुनावता आले असते, तिचा तेवढा हक्क होता. पण ती म्हणाली, "आबा, वर या. पायऱ्या चढा आधी." तिनं त्याच्या ओंजळीत धार सोडली, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मग ओगराळं पदराखाली घेऊन ती महाजनाच्या घरी गेली. नातू वाचला.

त्यानंतर संतूची हातोडी थांबली नाही. घराघराला ओगराळं हवं होतं आणि एवढं पितळ आणायचं कुठून? गजरेनं आपल्या लग्नातल्या घागरी, कळशा, परात सगळं काढून दिलं. शेवटची घागर वितळवली तरी मुशीतलं पितळ संपेना, पेठेतल्या शेवटच्या घराचं ओगराळं होईपर्यंत ते पुरलं, असं म्हणतात. गजरा स्वतः प्रत्येक घरी गेली. रांजणाला झाकण घातलं, मुलांचा हात पोचणार नाही अशी खुंटी ठोकून घेतली आणि बजावलं: ओगराळं खाली ठेवायचं नाही, त्याला तोंड लावायचं नाही, आणि आलेल्या माणसाला खालच्या पायरीशी उभं करायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मरीआईचा गाडा निघाला नाही. निघायची गरजच पडली नाही.

आता पेठेत नळ आले, स्वयंपाकघरात फिल्टर आले. तरी चैत्रातल्या पहिल्या मंगळवारी वेळूपेठेत रांजण, माठ, गच्चीवरच्या टाक्या, सगळं रिकामं करून घासतात. त्या दिवशी पहिलं ओगराळं येसूच्या वंशातल्या कोणाच्या तरी ओंजळीत पडतं आणि ते घालायचा मान महाजनांच्या घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा. नवी नवरी घरात आली की गृहप्रवेशाआधी तिच्या हाती ओगराळं देतात. ती उंबऱ्यावर उभी राहते, सासरचे सगळे, थोरले-धाकटे, तिच्यापुढे वाकून ओंजळ करतात आणि ती प्रत्येकाला पाणी घालते. सासूसुद्धा वाकते. पेठेतल्या सुना सांगतात, तेवढं बघितलं की माहेर सोडल्याचं दुःख निम्मं होतं.

चिंधी खूप जगली, पतवंडं बघून गेली. म्हातारपणी तिला कोणी म्हणायचं, आजी, आता तरी एखादं चांगलं नाव घ्या. ती म्हणायची, "लोक म्हणत्यात, यमाला नाव आवडलं न्हाई म्हणून मी उरले. तसं न्हाई. माझ्या आयचा हात दुखत व्हता, तरी तिनं दांडा सोडला न्हाई, म्हणून उरले."

आणि तो जुना शब्द अजून पेठेत आहे, पण त्याच्यावर कोणी भांडत नाही. वेळूपेठेत आज कोणाच्याही दारी गेलात आणि तहान लागली, तर 'पाणी द्या' म्हणू नका, ते जरा कोरडं वाटतं. ओंजळ पुढे करा आणि तिथली माणसं म्हणतात तसं म्हणा, "वरून दे, माय."