न केलेला अपघात

मिरजेत अर्धं आयुष्य रुग्णवाहिका चालवलेली कुमुदिनी माने लेकीपाठोपाठ परदेशी गेली. शाळेच्या बसवर नोकरी ठरली होती, फक्त तिथला परवाना हवा होता.

परवाना कार्यालयाच्या खिडकीतला साहेब म्हणाला, "तिकडचा अनुभव इथे शून्य." मग तिने आणलेला मिरजेचा दाखला पाहून हसला. "पण तिकडे तुमच्या हातून एक अपघात झालाय. तो मात्र धरणार. वर्षभर परवाना नाही."

कुमुदिनी खिडकीकडे वाकली. मोडक्या इंग्रजीत तिने विचारलं, "साहेब, तुमच्या मते मी तिकडे गाडी चालवलीच नाही. मग तो अपघात केला कुणी?"

मागे रांगेत हशा पिकला. साहेबाने अपघात खोडला आणि शिकाऊ परवाना पुढे सरकवला.

शिकाऊ माणसाला शाळेची बस कोण देणार? वाद जिंकलेली कुमुदिनी बाहेर आली आणि बसथांब्यावर उभी राहिली.