राजाची पवनचक्की आणि गजरीची वल्ही

आंबेघाटात बारा दिवस कुणाच्या तव्यावर भाकरी पडली नव्हती. कणग्या धान्यानं भरलेल्या, पण दळायचं कशावर? राजा गुणवंतरावानं टेकडीवर पवनचक्की उभारली आणि तिच्या कौतुकात हुकूम सोडला, की आता सगळं गाव वाऱ्यावरच दळेल, घरोघरची जाती जमा करा! पावसाळाभर चक्की गरगर फिरली. मग आश्विन लागला, वारा पडला आणि पाती थांबली ती थांबलीच. घुगऱ्या चावून चावून गाव जेरीस आलं.

नावाड्याच्या लेकीला, गजरीला, वेगळीच काळजी. तिची वहिनी चार दिवसांची बाळंतीण. तिच्या ताटात मऊ भाकरी कुठून वाढायची? गजरी तडक दरबारात गेली आणि तिनं आपलं जातं परत मागितलं.

राजा चिडला. म्हणाला, "उद्यापासून ही जाती नदीपलीकडच्या घाटाच्या पायऱ्यांत चिणणार आहे मी. नाव तूच हाक. पैलतीर येईपर्यंत माझी चूक मला पटवून दे, पण चक्कीविरुद्ध एक अक्षर काढायचं नाही. जमलं, तर जाती तुमची."

दरबारी तोंडावर शेला धरून हसले. गजरी मात्र मुजरा करून निघाली ती थेट घाटावर, नाव तयार करायला.

सकाळी पहिल्या खेपेची जाती नावेत रचली. राजा ऐटीत बसला. झुळूक होती, गजरीनं शीड उभारलं, नाव निघाली. सूर्य वर आला की डोहावरचा वारा पडतो, हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. झालंही तसंच. ऐन मध्यावर शीड ओल्या धोतरासारखं लोंबू लागलं. गजरी निवांत सुपारी कातरत बसली. ऊन तापलं. पैलतीरावर राजाचं जेवण निवत होतं.

"अगं, वल्हव की आता!"

"वल्ही जात्यांखाली दबलीत, महाराज. म्हटलं, शीड आहे, वारा आहे. वल्ही कशाला लागतात?"

"वेडी की काय तू? आणि वारा पडला म्हणजे? वल्ही हाताशी न ठेवता कुणी निघतं का?"

"नाही निघत, महाराज," गजरी हात जोडून म्हणाली. "नावही नाही, आणि गावही नाही."

राजा असा हसत सुटला, की नाव डुलायला लागली. त्यानं कमरेला शेला आवळला, स्वतः जाती बाजूला सारली, एक वल्हं गजरीला दिलं, दुसरं आपण घेतलं आणि नाव गावाकडे वळवली.

दुपारी घरोघर जाती घरघरली. वारा असेल तेव्हा फिरायला चक्कीही राहिली. तिचा कारभार राजानं गजरीकडे सोपवला. आणि बाळंतिणीच्या पहिल्या भाकरीवर लोण्याचा गोळा आला तो राजवाड्यातून!