साच्यावरचा हात

एकदा एक वृद्ध ओतारी वस्ताद आपला कारखाना शिष्याच्या हाती सोपवायला निघाले. देवळांच्या घंटा ओतण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. शिष्य कामात तरबेज होता, पण जिभेने तिखट. कारखान्यात एक जुनी रीत होती. वितळलेले कासे साच्यात सोडण्यापूर्वी प्रमुखाने तीनदा विचारायचे, "ओतू का?" आणि प्रत्येक कारागिराने "ओता" म्हटल्यावाचून कासे वितळवलेली मूस कलती करायची नाही.

ही घंटा एका गावच्या कळसारोहणासाठी होती. ती नीट उतरली की किल्ल्या शिष्याच्या कमरेला, असे ठरले होते. त्याने ऐटीत तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा सगळे एका दमात "ओता" म्हणाले. तोच वस्ताद उठले आणि साच्याच्या तोंडाशी मांडी घालून बसले. किती विनवले तरी उठेनात. मुशीतले कासे निवले, दिवसभराची मेहनत वाया गेली. गावकऱ्यांदेखत शिष्याचा चेहरा उतरला. विश्वासच नव्हता तर मला पुढे केलेत कशाला, असे तो रडवेला होऊन म्हणाला.

वस्तादांनी साचा फोडायला लावला. आतली माती ओलसर होती. कासे आत पडते तर वाफ कोंडून साचा फुटला असता आणि भोवतीची माणसे भाजून निघाली असती. शंका आली नव्हती का, असे शिष्याने साचे घडवणाऱ्या म्हाताऱ्या भिवाजीला विचारले.

"आली हुती," भिवाजी खाली बघत म्हणाला. "मागल्या खेपेला थांबा म्हनालो, तवा तुम्ही सगळ्यांम्होरं मला भित्रा म्हनालात. मग गप ऱ्हायलो."

वस्ताद शांतपणे म्हणाले, "साच्यातली ओल मलाही दिसली नव्हती. मला भिवाजी दिसला. वीस वर्षे तो साच्यावर हात ठेवून 'ओता' म्हणतो. आज तुझ्या तोंडाकडे बघून म्हणाला. अरे, कोणाला तरी 'थांबा' म्हणता यावे, म्हणून तीनदा विचारायचे असते. ज्याला थांबवायची माणसांना भीती वाटते, त्याच्या हाती मी ही माणसे कशी देऊ?"

किल्ल्या वस्तादांच्याच कमरेला राहिल्या. आठ दिवसांनी नवा साचा तयार झाला. मुहूर्त तोंडावर आला होता, गावकरी ताटकळत उभे होते. शिष्याने दोनदा विचारले. तिसऱ्यांदा तो भिवाजीपाशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "भिवाजीकाका, ओतू का?"

भिवाजीने साच्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"थांबा," तो म्हणाला. "आजचा दिस ऱ्हाऊ द्या."

शिष्याने भाता थांबवायला सांगितला. मग गावकऱ्यांसमोर हात जोडून, भिवाजीचे नावही न घेता, उशिराचा दोष त्याने स्वतःकडे घेतला. घंटा अजून ओतायची होती. वस्तादांनी कमरेच्या किल्ल्या सोडून त्याच्या हातात दिल्या.

हाताखालच्या माणसाने आपल्याला शेवटचे 'थांबा' कधी म्हटले होते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.