झाडात कोण गं?

नदीवर पूल नव्हता, तराफ्यावरून पेरू बाजाराला जात, तेव्हाची ही गोष्ट.

आमच्या गावात ठकूबाई नावाची राखणदारीण होती. पेरू पिवळे पडू लागले की राघूंचे थवे उतरत. ठकूबाई बागेतल्या उंच माळ्यावर उभी राहून रिकामी गोफण फिरवी आणि तिचा असा कडाका काढी की सगळा थवा नदीपार होई. गोफणीत तिने कधी खडा घातला नाही, असं म्हणतात. पाखरू भ्यालं की पुरे, एवढंच तिचं म्हणणं.

एका वर्षी डोंगरातली उंबरं वाळली. भुकेले राघू आवाजाला बधेनात. अर्धी बाग उष्टी झाली, तेव्हा बागवान तुळाजी चारचौघांना घेऊन माळ्याखाली आला.

"ठकूमावशी, गोफणीत वारा भरतेस होय गं?"

लोक हसले.

"राघूंना आवतण देतेस की हाकलतेस? हा आठवडा बघतो. नाहीतर दुसरा राखणदार."

 माहेरपणाला आलेल्या तिच्या लेकीने, चिमाने, ते हसणं ऐकलं. पळसाच्या पानात गुंडाळून वाखाच्या दोरीने बांधलेलं फळ राघूला दिसत नाही. आईची राखण टिकावी म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच चिमा पानं ओच्यात घेऊन झाडावर चढली. कुणाला सांगितलं नाही.

त्याच सकाळी ठकूबाईने नदीतला एक गोटा उचलला. जन्मात पहिल्यांदा.

शेंड्याकडची पानं हलली. गोफण सुटली.

राघू उडाला नाही. आधी पळसाची पानं खाली आली. मग चिमा.

त्या दिवशी गावात एकही पाखरू बोललं नाही, असं म्हणतात. हजारो राघू बांधावर येऊन बसले. फळाला एकानेही चोच लावली नाही.

"मावशी, गोटा मार असं मी म्हटलं नव्हतं," तुळाजी म्हणत राहिला. ठकूबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती रडलीही नाही.

तेराव्यानंतर ती पुन्हा माळ्यावर चढली. गावाला बोलायला तोंड उरलं नव्हतं. कुणी तिला अडवलं नाही. तिच्या हातात गोफण नव्हती. पानं हलली, तशी तिने तोंडाशी ओंजळ धरून हाक दिली, "झाडात कोण गं?"

आणि ती थांबली. उत्तराची वाट बघत थांबली.

ती हाक तीन गावांपलीकडे गेली, असं म्हणतात. सगळ्या बागांतून राघू एकदम उठले आणि तो हंगाम संपेपर्यंत उतरले नाहीत.

आज आमच्याकडे बागांवर जाळी असते. कुणी डबे वाजवतं, कुणी फटाके लावतं. गोफणीत मात्र गोटा कुणी घालत नाही. आणि काहीही वाजवण्याआधी राखणदार, बाई असो की बाप्या, झाडाकडे तोंड करून विचारतो, "झाडात कोण गं?"

मग सगळे हातातलं काम थांबवतात. एक श्वासभर बाग गप्प असते. कुणीच ओ देत नाही, याची खात्री झाल्यावरच पहिला डबा वाजतो.