शेवटचं रीळ

तंबूतला सिनेमा पाहिला नसेल, तर तुमचं बालपण अर्धंच झालं म्हणायचं. आमच्या निंबाळगावच्या जत्रेत शिवलिंगअप्पांचा तंबू लागायचा. एका साली सिनेमात एक ट्रक ड्रायव्हर दुष्काळाचं धान्य लाटणाऱ्या मंत्र्याशी एकटा भिडला होता. हाणामारी अशी, की पडद्यावरची धूळ आमच्या डोळ्यांत जायची!

मध्यंतरात सभापती व्यंकटराव तंबूमागे अप्पांकडे आले; मी तिथंच घुटमळत होतो. दुष्काळाचं धान्य त्यांच्याही गोदामात होतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

"अप्पा, शेवटी मंत्र्याला बेड्या पडतात म्हणे. ते रीळ लावलंस तर तंबू उखडून टाकीन."

"जशी आज्ञा, मालक."

हरवलेल्या पोरांची नावं काचेवर लिहून पडद्यावर दाखवायची तेव्हा पद्धत होती. अप्पांनी तसलीच एक काच घेतली आणि शाईनं लिहिलं, 'सभापतींच्या आज्ञेवरून चोर मंत्र्याला सोडून देण्यात आले आहे.'

"अक्षर लागतंय ना, मालक? हजार माणसं वाचणार आहेत."

व्यंकटरावांनी दोनदा वाचलं आणि धोतराच्या सोग्यानं काच स्वतःच पुसून काढली.

मंत्र्याला बेड्या पडल्या, तेव्हा तंबूत पहिली टाळी सभापतींची होती. दुसरी माझी.