आजोबांच्या नव्वदीची फळी

"आता यात काय कमी आहे, ते तरी सांगा मास्तर!"

एल्विनने पुन्हा विचारलं. उत्तर 'काहीच नाही' असंच येणार, याची त्याला पक्की खात्री होती.

इनास मास्तरांनी टेबलावर मांडलेल्या पदार्थांवरून नजर फिरवली. एका मोठ्या हॉटेलात हॅम, सलामी असलं थंड मांस कापण्यात नि मांडण्यात त्यांची उभी हयात गेली होती. एल्विन त्यांच्याच हाताखाली तयार झाला. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला 'पोरा' याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती. त्यांच्या तोंडून एकदा 'शेफ' ऐकायला एल्विनचा जीव आसुसला होता. आणि आज तर घरचंच कार्य होतं.

बस्त्याव आजोबांची नव्वदी! चर्चमधली मिस्सा आटोपून सगळं गणगोत वसईच्या घरी मांडवात जमलं होतं. एल्विनने केळीची वाडी सोडून हा धंदा धरला, तेव्हा याच गणगोताने नाकं मुरडली होती. एकटे आजोबा त्याच्या बाजूने उभे राहिले. आज नवा कोट चढवून ते येईल त्याला छाती फुगवून सांगत होते, "मी अजून काही खाल्लं नाही. आज फक्त माझ्या नातवाच्या हातचं खाणार!"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर फणसाच्या लाकडाची लांबरुंद फळी होती. मधोमध हॅमच्या कापांचा मोठा गुलाब, भोवती सलामीचे छोटे गुलाब, झणझणीत सॉसेजच्या चकत्या, कडक चीजचे तुकडे, अक्रोड, कुरकुरीत टोस्ट आणि वसईची खास सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. बघणाऱ्याने बघतच राहावं. एल्विन तर मघापासून तेच करत होता.

"बड्या लोकांच्या लग्नात मांडतो ना, तस्सं मांडलंय," तो म्हणाला. "पाकळी न् पाकळी कागदासारखी पातळ."

"कोणासाठी मांडलंस?"

"म्हणजे काय? आजोबांसाठी."

"छान... एक पेला पाणी दे."

एल्विनने पाणी दिलं. मास्तर ते प्यायले नाहीत. त्यांनी तोंडात बोटं घालून वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही पेल्यात सोडल्या. गाल आत गेले, ओठ दुमडले. मग खुर्ची ओढून ते फळीसमोर बसले.

"वाढ."

एल्विनला हसू आलं. त्याचा हात सवयीने सलामीकडे गेला... आणि थांबला. तिथून चीजकडे वळला... तिथेही थांबला. अक्रोडाकडे तर गेलाच नाही. त्याने एक सुकेळं उचललं, बोटांनी दाबून पाहिलं, परत ठेवलं.

मास्तर तोंडाचं बोळकं उघडून वाट बघत होते.

आजोबांच्या तोंडात तरी दात कुठे होते? टोचते म्हणून त्यांनी कवळी केव्हाच फेकून दिली होती. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. एल्विनलाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मास्तर... यातलं काहीच..."

मास्तरांनी तोंड मिटलं नाही.

बाहेरून हाक आली, "एल्विन, आणतोस ना रे बाबा?"

"आलोच आजोबा!"

एल्विनने बाह्या सरसावल्या. मधला मोठा गुलाब उचलून खलबत्त्यात टाकला, वर लोण्याचा गोळा घातला आणि हॅम लोण्यात मिसळून जाईपर्यंत कुटलं. कडक चीजऐवजी मऊ चीज घेऊन ते सायीत घोटलं. पावाच्या कडा काढून तो गरम सुपात भिजवला. सुकेळी दुधात शिजवून त्यांचा लगदा केला. मग आजोबांची रोजची ताटली आणून तिच्यात हे सगळं वाढलं आणि ती गुलाबाच्या रिकाम्या जागी ठेवली. दिसायला ते काही विशेष नव्हतं.

त्यातलं चमचाभर त्याने मास्तरांच्या तोंडात घातलं.

मास्तरांनी डोळे मिटले... बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग दुसऱ्या चमच्यासाठी पुन्हा तोंड उघडलं.

एल्विनचा ऊर भरून आला. त्याने फळी दोन्ही हातांनी उचलली. इतक्या ताठ मानेने तो कुठल्याच बड्या लग्नात चालला नव्हता. मास्तर त्याच्या मागोमाग निघाले. दारात एल्विन थबकला. पेला टेबलावर तसाच होता.

"मास्तर, कवळी विसरलात!"

"विसरलो नाही, शेफ... आजोबांना जेवायला सोबत नको?"