ठकूआत्याची सालांची पंगत

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर गुडघाभर पाण्यातून जावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. अलीकडे करंबेळ, पलीकडे नांदवण. नदी एकच, पण तिच्या पाण्यावरून दोन्ही गावांचं असं बिनसलं होतं की एका गावचा माणूस दुसऱ्या गावात पाण्याचा थेंब घेत नसे. भांडण कुणी सुरू केलं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. भांडण मात्र उरलं होतं.

त्या करंबेळात ठकूआत्या राहायची. अंगानं दांडगी, आवाजानं त्याहून दांडगी. लग्न असो की बारसं, रांधायला आत्याच. असं म्हणतात, तिच्या फोडणीचा वास नदी ओलांडून जायचा, आणि वैऱ्याच्या गावचा वास पोटात नको म्हणून नांदवणची माणसं नाकाला उपरणं लावून बसायची.

आत्याची एक खोड होती. भाजी चिरताना सालं, देठ, बिया ती मातीत पडू द्यायची नाही. भाजी आधी धुवायची, मग धुतलेल्या गोणपाटावर सालं वेगळी काढायला लावायची आणि काम उरकलं की टोपलीत भरून घरी न्यायची. बायका हसायच्या. आत्याच्या दारात गाय नाही, मग ही वैरण कुणाला, असं विचारायच्या. आत्या म्हणायची, मलाच. दुधी ज्या वेलाचा, साल पण त्याच वेलाचं. मग एकाला ताट आणि दुसऱ्याला उकिरडा कशाला?

अशात एक नवल घडलं. करंबेळचा पाटील हिरोजी, त्याची लेक चिमा. नांदवणचे धाकोजीबाबा, त्यांचा नातू. नदीच्या वाळूत दोन्ही गावांच्या कलिंगडाच्या वाड्या लागत, तिथं या दोघांची नजरानजर झाली आणि दोघंही हटून बसली. नातवापुढं धाकोजीबाबांचं काही चालेना. पण त्यांनी निरोप धाडला की वऱ्हाड स्वतःचं पाणी घेऊन येईल, आणि मानपानात काही उणं पडलं तर अक्षता पडल्या असल्या तरी नवरीला तिथंच ठेवून परत जाईल.

करंबेळनं कंबर कसली. वैशाख सरत आला होता, घरोघरच्या कणग्या तळाला गेल्या होत्या, तरी प्रत्येक घरानं उरलंसुरलं धान्य आणून पाटलाच्या कोठीत ओतलं. लग्नाच्या दिवशी झुंजूमुंजू होताच कामाला लागून भाज्या चिरून झाल्या, फणस फोडून झाले, चुलवण पेटलं. आणि वारा फिरला. एक ठिणगी उडाली ती थेट कोठीच्या गवती छपरावर. बघता बघता आतले तांदूळ, डाळ, चिरलेली भाजी, सगळ्याची राख झाली. माणसं तेवढी वाचली.

त्याच वेळी पल्याडहून वऱ्हाडाचे ढोल ऐकू आले.

चिमाच्या बारशाच्या घुगऱ्या आत्यानंच शिजवल्या होत्या. तिनं जळालेल्या कोठीकडं पाहिलं आणि मग उंबराखाली नजर टाकली. तिथं तिची गोणपाटं ओलीगार पडली होती. त्यांवर दुधीची नि भोपळ्याची सालं, भोपळ्याच्या बिया, माठाचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, कलिंगडाच्या पांढऱ्या पाठी, फणसाच्या आठळ्यांची रास. पलीकडे कोंबड्यांसाठी पाखडून ठेवलेल्या तांदळाच्या कण्या आणि डाळ भरडताना पडलेला, बैलांसाठी काढलेला चुरा, म्हणजे तुरीची चुनी.

आत्यानं पदर खोचला. बायकांना हाक दिली, घरात असेल तेवढं मीठ, मिरची, तीळ, तेल घेऊन या. आठळ्या तिनं जळक्या कोठीच्याच निखाऱ्यांत पुरल्या. कण्यांचा मऊ भात लावला, चुनीची आमटी केली, कलिंगडाच्या पाठींचा रस्सा आणि देठांची परतून भाजी. दुधीची सालं तीळ-मिरची घालून खमंग भाजली आणि भोपळ्याच्या बियांबरोबर पाट्यावर वाटली. असं म्हणतात, त्या गोणपाटावरून ओंजळी भरभरून उचलल्या तरी ढीग तेवढाच दिसत होता. असंही म्हणतात की वास नदीवर पोचला तेव्हा ढोलवाल्यांचा ठेका चुकला आणि ते पाणी तुडवत पळतच अलीकडे आले.

अक्षता पडल्या, पंगत बसली. हिरोजीनं आत्याला बाजूला घेऊन हात जोडले. सगळं वाढ, पण काय शिजवलंय ते सांगू नको म्हणाला.

"पानावर काय पडतंय ते जेवणाऱ्याला कळलं पाहिजे," आत्या म्हणाली. "नाहीतर पळी तू धर."

आणि ती पंगतीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"मंडळी, आमचं धान्य सकाळी जळालं. मी जे वाढणार आहे ते सालांचं, देठांचं नि बियांचं आहे. धुतलेलं आहे, निगुतीनं केलेलं आहे. ज्याला नको असेल त्यानं उठावं. आमचा राग नाही."

वऱ्हाड धाकोजीबाबांकडं बघू लागलं. बाबांनी आल्याबरोबर राख पाहिली होती आणि आता हे लोक काय सोंग आणतात, याचीच ते वाट पाहत होते. सोंग काही आलं नाही. त्यांनी आत्याला नीट न्याहाळलं.

"तुझ्या घरी खातेस का हे?"

"रोज खाते. माझ्याकडं बघून काही कमी पडल्यासारखं वाटतंय का?"

पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं हसलं. बाबांच्या मिशा हलल्या. त्यांनी मान डोलावली आणि आत्यानं वाढायला घेतलं. बाबांनी भातावर आमटी कालवली, दुधीच्या सालांची चटणी लावून पहिला घास घेतला. मग दुसरा. चटणी दोनदा मागून घेतली. तिसऱ्या खेपेला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. नांदवणची घागर घेऊन त्यांचा माणूस धावत आला. बाबांनी त्याला हातानं थांबवलं आणि आपलं फुलपात्र आत्यापुढं धरलं.

"तुमच्या विहिरीचं वाढ."

आत्यानं करंबेळच्या विहिरीचं पाणी ओतलं आणि धाकोजीबाबा ते घटाघटा प्याले. मग अख्खं वऱ्हाड पाणी मागू लागलं. असं म्हणतात, त्या दिवशी करंबेळची विहीर उपसून उपसून पोहरे झिजले, पण पाण्याची पातळी बोटभरही उतरली नाही. चिमा वाजतगाजत नांदवणला गेली आणि वरातीपुढं आत्याला बैलगाडीत बसवून नेलं. पळी तिच्या खांद्यावर होती, तलवारीसारखी.

आत्याला जाऊन कैक पिढ्या झाल्या. पण वैशाख सरताना दोन्ही गावं नदीच्या वाळूत चुली मांडतात. आधीच्या दिवसापासून कुणी साल, देठ, बी टाकत नाही. नांदवणच्या बायका ते टोपल्यांतून आणतात आणि करंबेळच्या बायका रांधतात. वाढण्याआधी एक बाई पंगतीत उभी राहते, पानावर काय पडणार ते खणखणीत आवाजात सांगते आणि ज्याला नको त्यानं उठावं म्हणते.

आजवर एकही माणूस उठलेला नाही.